लीजवरचा पाऊस फोनवर बघताय? आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा होता. अमेरिकेत दक्षिण मिझुरीत ८० एकरांची हंटिंग लीज (शिकारीसाठी भाड्याने घेतलेली जमीन) घेतलीय, घरापासून तीन तासांचा ड्राइव्ह, दोन वर्षं फूड प्लॉट (हरणांना चरायला पेरलेले जमिनीचे तुकडे) फसले. मागच्या आठवड्यात ॲपने सात दिवसांत १.२ इंच पाऊस दाखवला म्हणून बी घेऊन गेलो तर जमीन खडखडीत, फावडं आत जाईना. ॲप खोटं बोलतंय का, आणि पाऊस ट्रॅक करायला कुठलं ॲप चांगलं?

मी अकरा वर्षं असल्याच जागा सांभाळतोय, काही स्वतःच्या लीजच्या, काही दुसऱ्यांच्या. सरळ सांगायचं तर ॲप बदलून फार फरक पडणार नाही. तुमच्या ॲपमधला आकडा कुठून येतो, कुठल्या जागेचा आहे आणि कुठल्या दिवसाचा आहे हे कळलं की तेच ॲप कामाला येईल.

आधी एक छोटी गोष्ट तपासा, हसू नका, मी स्वतः पहिल्या वर्षी यातच गंडलोय. ॲप उघडल्यावर दिसतो तो पाऊस नक्की कुठला? बऱ्याच ॲपमध्ये डिफॉल्ट लोकेशन म्हणजे फोन जिथे आहे ती जागा, म्हणजे तुम्ही घरी सोफ्यावर बसून बघितलं की घरच्या अंगणातला पाऊस दिसतो. किंवा कधीतरी झिप कोड टाकलेला असतो आणि नकाशावरचा पिन जाऊन बसतो गावात पोस्ट ऑफिसपाशी, लीजपासून पंधरा मैल लांब. लीजचा नकाशा ज्यात बघता त्यात (ऑनएक्स म्हणा, दुसरं काही म्हणा) फूड प्लॉटच्या मधोमध बोट दाबून धरा, कोऑर्डिनेट्स कॉपी करा आणि पावसाच्या ॲपमध्ये तेच टाका. प्लॉट दोन-तीन असतील आणि लांब लांब असतील तर प्रत्येकाचा वेगळा पिन. आणि हे घरूनच करून जा, जागेवर गेल्यावर सिग्नलची एक काडी असते तीही झाडाखाली जाते.

आता आकडा कुठून येतो ते. अमेरिकेत पावसाची बहुतेक ॲप्स तीनपैकी एका ठिकाणाहून माल उचलतात. एक म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिसच्या रडारचं जाळं, देशभर साधारण १६० रडार आहेत, आणि त्यांचा डेटा एकत्र करून एमआरएमएस नावाची सिस्टिम दर दोन मिनिटांनी एक किलोमीटरच्या चौकोनांचा नकाशा बनवते. दुसरं म्हणजे लोकांच्या घरांवरची वेदर स्टेशन्स, ॲप जवळची दोन-चार स्टेशन्स घेऊन मधला आकडा अंदाजाने काढतं. आणि तिसरं, हे सगळ्यात फसवं, हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलने "पडला असेल" म्हणून काढलेला पाऊस. हा तिसरा प्रकार ॲपमध्ये "हिस्टॉरिकल रेनफॉल" अशा भारदस्त नावाने दिसतो आणि वाटतं की कुणीतरी मोजलाय, पण कुणीच मोजलेला नसतो. मॉडेलचा चौकोन दहा किंवा कधी तीस किलोमीटरचाही असतो. आपल्याकडे वळवाच्या पावसाला म्हणतात ना, बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं, तसल्या पावसात तीस किलोमीटरची सरासरी काढून तुम्हाला काय कळणार? ॲपच्या सेटिंगमध्ये किंवा "अबाउट"मध्ये डेटा सोर्स लिहिलेला असतो. रडार किंवा एमआरएमएस दिसलं तर ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर मी ते ॲप पावसाच्या हिशोबासाठी धरत नाही, अंदाज बघायला ठेवा हवं तर.

पैसे भरून प्रीमियम घ्यावं का हे पण लोक विचारतात. रडारचा डेटा सरकारी आहे, फुकट आहे, ॲपवाले तोच घेऊन छान रंग लावून देतात. अलर्ट आणि मागच्या वर्षांचा रेकॉर्ड हवा असेल तर द्या पैसे, आकडा त्याने जास्त खरा होत नाही.

बरं, रडार चांगलं म्हटलं तरी त्याचे स्वतःचे घोळ आहेत आणि ते माहीत असले की अर्धं काम होतं. एक किलोमीटरचा चौकोन म्हणजे २४७ एकर. तुमची लीज ८० एकर, म्हणजे ॲपचा सगळ्यात बारीक चौकोनसुद्धा तुमच्या जागेच्या तिप्पट मोठा. काही नकाशे चार किलोमीटरचे असतात, तो चौकोन जवळजवळ चार हजार एकरांचा. तो आकडा शेजारच्या चार रँचेसचा मिळून आहे असं समजा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रडार जमिनीवरचा पाऊस बघतच नाही. किरण थोडा वर तिरका सोडलेला असतो, साधारण अर्धा अंश, आणि पृथ्वी गोल असल्याने जसजसं लांब जावं तसतसा तो जमिनीपासून आणखी वर जातो. १०० किलोमीटरवर तो दीड किलोमीटर उंचीवर असतो, १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्या वर. दक्षिण मिझुरीतल्या ओझार्क या डोंगराळ पट्ट्याचा बराच भाग रडारपासून असाच लांब आहे. म्हणजे तुमचं ॲप सांगतंय की तुमच्या प्लॉटच्या अडीच किलोमीटर वर ढगात काय चाललंय. उन्हाळ्यात खालची हवा कोरडी असेल तर वर दिसलेला पाऊस अर्ध्या वाटेतच सुकतो, जमिनीवर चार थेंब. गारा असतील तर रडारला त्या प्रचंड चमकतात आणि आकडा फुगतो. आणि हिवाळ्यात, लवकरच्या वसंतात जी बुटक्या ढगांची झड लागते, रात्रभर बारीक बारीक, ती किरणाच्या खालीच राहते आणि ॲपवर पाव इंच दिसतो जेव्हा खाली इंच-दीड इंच झालेला असतो. म्हणजे चूक पण एका दिशेची नाही. माझ्या जागांवर उन्हाळी वादळात ॲप बहुतेक जास्त दाखवतं, थंडीत कमी.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये. एका एप्रिलमध्ये, टर्कीच्या शिकारीचा सीझन चालू, शुक्रवारी संध्याकाळी मी पाऊस मोजायचं गेज रिकामं करून मोटेलवर गेलो. रात्रभर रिपरिप. पहाटे चारला फोन बघितला, ॲप म्हणतं ०.४ इंच, म्हटलं एवढ्याने काय होतंय, ट्रक थेट तळ्याच्या बाजूने आत घातला. शंभर यार्ड पण गेलो नसेन, मागची चाकं अशी बसली की ॲक्सल टेकला. जागेचा मालक आला ट्रॅक्टर घेऊन, काही बोलला नाही, ते न बोलणंच जास्त लागलं. नंतर चालत गेजपाशी गेलो तर आतली नळी काठोकाठ भरून बाहेरच्या भांड्यात ओसंडलेली, मोजलं तर १.७. चाकोऱ्या इतक्या खोल की वर्षभर दिसत होत्या आणि पुढच्या लीजच्या कागदात नवीन कलम आलं, पाऊस थांबल्यापासून ४८ तास आत गाडी नाही. योग्यच होतं त्याचं.

म्हणून ॲप घेण्याआधी गेज घ्या. हो, प्लॅस्टिकचं साधं, हाताने वाचायचं, चार इंच तोंडाचं. कोकोराझ नावाचं लोकांचं पाऊस मोजायचं जाळं आहे इकडे, १९९७ साली कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला पूर आला तेव्हा गावाच्या एका टोकाला बेफाम पाऊस आणि दुसऱ्या टोकाला थोडासा, हे कुणाला वेळेत कळलंच नाही, त्यातून १९९८ मध्ये हे सुरू झालं. ते लोक हेच चार इंची गेज वापरतात. साधारण चाळीस डॉलरला येतं. यातली गंमत अशी की वरचं तोंड आतल्या नळीच्या क्षेत्रफळाच्या दहापट असतं, त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच उभा राहतो आणि इंचाचा शंभरावा भाग पण डोळ्याने वाचता येतो. नळी एक इंचाला भरते, पुढचं पाणी बाहेरच्या भांड्यात पडतं, सगळं मिळून ११ इंच मावतं. म्हणजे तुम्ही दोन-तीन आठवड्यांनी गेलात तरी पाणी तिथेच असतं. फक्त वाफेने उडू नये म्हणून दोन-चार थेंब मिनरल ऑइल टाकून ठेवतो मी, तेल वर तरंगतं आणि पाणी झाकून ठेवतं. नंतर नळी साबणाने धुवायला लागते, ती कटकट आहे.

गेज कुठे लावायचं यात लोक हमखास चुकतात. ट्री स्टँडच्या (झाडावरच्या मचाणाच्या) शिडीला बांधतात, किंवा जंगलाच्या कडेच्या कुंपणाच्या खांबाला, आणि मग वरच्या ओकच्या फांद्या अर्धा पाऊस अडवतात. नियम सोपा आहे, जवळचं झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब. साठ फुटी ओक असेल तर १२० फूट. छोट्या प्लॉटमध्ये एवढी जागा मिळतच नाही, मग निदान मधोमध लावा आणि खांबाचं टोक गेजच्या तोंडाच्या खाली राहील असं बघा, नाहीतर खांबावरचं पाणी उडून आत जातं. खांब भक्कम पाहिजे, हरणं अंग घासतात.

ऑटोमॅटिक टिपिंग बकेटवालं स्टेशन लावू का असं विचाराल. लावलं होतं. आत एक छोटा तराजूसारखा चमचा असतो, दर ०.०१ इंचाला उलटतो आणि मोजला जातो. जोरात पाऊस आला की उलटता उलटता काही पाणी सुटतं, आणि कोळी जाळं करतो, गांधीलमाशी घर करते, पक्षी वर बसून घाण करतात आणि भोक बुजलं की स्टेशन शांतपणे शून्य पाठवत बसतं. घराच्या मागे असेल तर ठीक आहे, रोज नजर जाते. तीन तास लांबच्या जागेवर मला शून्य म्हणजे पाऊस नाही की कोळी आहे हे कळत नाही.

माझा जुगाड वेगळा आहे. तुमच्याकडे सेल्युलर ट्रेल कॅमेरा (जंगलात लावायचा, फोनवर फोटो पाठवणारा) असणारच, त्यातला एक गेजकडे तोंड करून लावा. चार इंची गेजच्या बारीक रेषा कॅमेऱ्यात दिसत नाहीत म्हणून शेजारच्या खांबावर एक मोठ्या आकड्यांचं, लाल तरंग्याचं गेज लावतो, ते दशांश इंचापर्यंत कळतं आणि तेवढं पुरतं. कॅमेरा पाच-सहा फुटांवर, फार जवळ लावला की सगळं धूसर. तोंड उत्तरेकडे ठेवा म्हणजे सूर्य लेन्समध्ये येत नाही. मोशन (हालचाल झाली की फोटो) बंद, टाइम-लॅप्सवर सकाळी आठचा एक फोटो. रात्रीचा नको, फ्लॅश प्लॅस्टिकवर चमकून आकडा पांढरा होतो. रोज सकाळी चहा पिता पिता एक फोटो येतो, त्यात लाल तरंगा कालच्यापेक्षा वर आहे का एवढंच बघायचं. कधी कधी त्याच फोटोत मागे हरीण उभं असतं, तो बोनस.

आता हे जमलं की ॲप उपयोगाला येतं. गेजचा आकडा आणि ॲपचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवा, फोनच्या नोट्समध्ये चालेल, पण एकेका दिवसाचा ताळा बघत बसू नका, वेडे व्हाल. आठ-दहा पावसांची बेरीज करून बघा. समजा उन्हाळ्यात ॲपची बेरीज ६ इंच आली आणि गेजची ४.५, तर उन्हाळ्यात ॲपच्या आकड्याचे तीन-चतुर्थांश धरायचे. थंडीचा हिशोब वेगळा काढायचा, एकत्र केला तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि वाटतं ॲप एकदम परफेक्ट आहे.

लिहिताना दोन ठिकाणी घोळ होतो तो आधीच सांगतो. ॲपचा दिवस बहुतेक मध्यरात्री सुरू होतो. कोकोराझवाले सकाळी सात ते सात मोजतात. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशाचा चोवीस तासांचा पाऊस १२ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेने १२ वाजता) बंद होतो, म्हणजे मिझुरीत उन्हाळ्यात सकाळी ७ आणि हिवाळ्यात ६. रात्री अकरा ते पहाटे तीन असं वादळ आलं की ॲप ते दोन दिवसांत तोडतं आणि नकाशा एकाच दिवसात घालतो, आणि लोक भांडत बसतात की दोन्हीत फरक कसा. दुसरं म्हणजे आत्ताचा आकडा कच्चा असतो. नंतर त्यात जमिनीवरच्या गेजेसची दुरुस्ती होते, काही ॲप तो सुधारलेला आकडा घेतात, काही घेत नाहीत. म्हणून काल रात्री ०.९ दिसलेला पाऊस आज दुपारी ०.६ झाला तर घाबरू नका, दुसराच जास्त भरवशाचा. मी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच लिहून घेतो. कोकोराझच्या नकाशावर तुमच्या काउंटीत कुणी मोजणारं आहे का तेही बघा, दोन-चार मैलांवर असेल तर ॲपपेक्षा त्याचं ऐका. आणि स्वतःच नाव नोंदवलंत तर रोज जायची गरज नाही, अनेक दिवसांचा मिळून एक आकडा भरायची सोय आहे.

आता तुमच्या १.२ इंचाकडे येतो. समजा ॲप बरोबर होतं. सात दिवसांची बेरीज १.२, पण तो पाऊस कधी पडला? सगळा पहिल्याच रात्री पडला असेल तर पुढचे सहा दिवस काय झालं? जुलै-ऑगस्टच्या मिझुरीत गवत वाढलेली जमीन रोजचं ०.२ इंच पाणी सहज उडवते, कडक ऊन आणि वारा असेल तर जास्तच. सहा दिवस गुणिले ०.२ म्हणजे १.२. हिशोब शून्यावर. त्यात तो पाऊस चाळीस मिनिटांत कोसळला असेल आणि प्लॉट उतारावर असेल तर निम्मं पाणी जमिनीत शिरलंच नाही, ओढ्याला गेलं. त्यामुळे बेरजेकडे बघूच नका, खातेवहीसारखं बघा, पाऊस जमा आणि रोजचा ०.२ खर्च (सप्टेंबरमध्ये ०.१५ धरतो मी, ऑक्टोबरमध्ये ०.१), शिल्लक किती ते महत्त्वाचं. कागदावर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

शिल्लक पण जमीन किती धरू शकते तेवढीच. पोयट्याची माती एका फुटात पिकाला मिळेल असं साधारण दोन इंच पाणी धरते, वाळू त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. ओझार्कमधल्या डोंगरमाथ्यावरच्या जमिनीत निम्मे दगडगोटेच, दगड काही पाणी पीत नाहीत. चार इंच पडला तरी खात्यात दीड इंचच जमा, बाकीचं वाहून किंवा खाली झिरपून गेलं. तुमच्या प्लॉटची माती कुठली हे यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) वेब सॉइल सर्व्हेवर फुकट बघता येतं, जागा नकाशावर आखली की "अव्हेलेबल वॉटर" म्हणून आकडा देतं. माथ्यावरचा प्लॉट आणि ओढ्याकाठचा प्लॉट यांना ॲप एकच पाऊस दाखवतं, पण माथ्यावरचा चौथ्या दिवशी मान टाकतो आणि खालचा दोन आठवडे हिरवा राहतो. दोन वर्षं फसलेले प्लॉट तुमचे माथ्यावर आहेत का हो? मला तसं वाटतंय.

पेरणीचं गणित आणखी वेगळं, कारण बियाला फूटभर ओल नकोच असते, वरच्या अर्ध्या इंचातली पाहिजे असते. टर्निप (सलगम), मुळा, क्लोव्हर (एक चाऱ्याचं पीक) ही बारीक बियाणी पाव इंचाच्या आसपासच पाहिजेत, फार खोल गेली की नीट वर येत नाहीत, आणि तो वरचा पाव इंच ऑगस्टच्या उन्हात दोन दिवसांत सुकतो. म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. दोन इंचांच्या एका धुवाधार सरीपेक्षा तीन-चार दिवसांच्या अंतराने पाव-पाव इंचाचा भिजपाऊस केव्हाही बरा. धुवाधार सर आली तर उतारावरचं बी वाहून खाली ढीग होतो, मग खालच्या कोपऱ्यात टर्निपचं रान आणि वर मोकळं.

माझी पद्धत अशी. ॲपवर अर्ध्या इंचाच्या वर खरा पडलेला पाऊस दिसला आणि कॅमेऱ्याच्या फोटोत गेजने हो म्हटलं की गाडी काढायची तयारी, पण लगेच नाही, वापसा येऊ द्यायचा. गावाकडचे लोक हा शब्द न सांगता समजतील, बाकीच्यांसाठी, माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो, तो वापसा. फुटला नाही तर अजून चिखल आहे, गोळाच झाला नाही तर उशीर झाला. आणि पुढच्या पाच दिवसांत आणखी एक पाऊस अंदाजात पाहिजे. पडलेला पाऊस आणि येणारा पाऊस दोन्ही असतील तरच बी टाकतो. नुसत्या अंदाजावर पेरलं की कोंब येण्याएवढी ओल मिळते आणि जगण्याएवढी मिळत नाही, मग दुबार पेरणी. तुमचे फसलेले प्लॉटही असेच गेले असावेत असं मला वाटतं.

दक्षिण मिझुरीत टर्निप-मुळा जुलैअखेर ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. तोपर्यंत पाऊस नाही आला तर हट्ट सोडा आणि सप्टेंबरमध्ये गहू किंवा राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) टाका, सोबत क्लोव्हर. राय तर इतकी चिवट की उभ्या तणात बी फेकून वरून तण कापून टाकलं आणि त्यावर पाऊस आला तरी उगवते. तीन तास लांब राहणाऱ्याला टर्निपचे लाड परवडत नाहीत असं माझं मत झालंय. युरिया टाकणार असाल तर तिथे अंदाज कामाला येतो, टाकल्यापासून दोन-तीन दिवसांत अर्धा इंच पाऊस मिळाला तर तो मातीत जातो, नाहीतर उन्हात अमोनिया होऊन बराचसा हवेत. मका ओतून हरणं बोलावणं मिझुरीत शिकारीसाठी बेकायदा आहे, फूड प्लॉट चालतो, म्हणून तर आपले डोळे आकाशाकडे.

ओढा ओलांडून आत जावं लागत असेल तर तुमच्या जागेवरचा पाऊस बघून उपयोग नाही, वरच्या अंगाला पाणलोटात किती पडला ते बघा. तिथे दुसरा पिन टाका. आणि नदीवर यूएसजीएसचं (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं) पाणी मोजायचं स्टेशन असेल तर त्यांचा वॉटरअलर्ट लावा, तुम्ही ठरवलेल्या उंचीच्या वर पाणी गेलं की मेसेज येतो, फुकट. एकदा स्वतः बघून ठेवा की स्टेशनवर किती फूट असताना तुमच्या ओढा ओलांडायच्या जागी पाणी गुडघाभर असतं, बस.

पाऊस न पडण्याचा पण रेकॉर्ड ठेवा, हे फार कमी लोक करतात. ऑगस्टच्या शेवटी खात्यातली शिल्लक सलग तीन-चार आठवडे शून्य असेल तर तळ्याच्या कडेचा चिखल उघडा पडतो, त्या चिखलात बारीक चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यातून हरणांना ईएचडी हा रोग होतो. २०१२ च्या दुष्काळात मिझुरीत आणि आजूबाजूच्या राज्यांत याने खूप हरणं गेली. ताप येतो म्हणून ती पाण्याकडे जातात आणि तिथेच मरतात. सप्टेंबरमध्ये तळ्याकाठी वास आला किंवा मेलेलं हरीण दिसलं तर मिझुरी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनला कळवा, आणि त्या वर्षी माद्या मारायचा बेत जरा आवरता घ्या. पहिलं कडक दहिवर (गोठलेलं दव) पडलं की माश्या मरतात आणि प्रकरण थांबतं. दुष्काळाचा सरकारी नकाशा, ड्रॉट मॉनिटर, दर गुरुवारी येतो पण त्यात मंगळवार सकाळपर्यंतचाच हिशोब असतो, तो काउंटीचं चित्र बघायला ठीक, तळ्याचं नाही.

शिकारीच्या दिवशी मात्र बेरीज विसरा, नुसतं लाइव्ह रडार. बाणाने शिकार करत असाल आणि तासाभरात सर येताना दिसत असेल तर थोडा जरी तिरका अँगल असला तरी मी बाण सोडत नाही, रक्ताचा माग पावसात वीस मिनिटांत धुतला जातो आणि मग रात्रभर टॉर्च घेऊन शोधत बसायचं आणि जखमी जनावर कुठेतरी पडून. पाऊस थांबल्याबरोबरचा तास मात्र चुकवू नका, ओल्या पानांवर तुमचे पाय वाजत नाहीत आणि हरणं चरायला बाहेर पडतात.

आता "कुठलं ॲप" याचं उत्तर. पडलेल्या पावसासाठी रडारवरून आकडा देणारं कुठलंही एक, ज्यात स्वतःचा पिन टाकता येतो आणि दिवसागणिक यादी मिळते. लाइव्ह रडारचं दुसरं. तिसरं नको, तीन आकडे दिसले की माणूस त्यातला आपल्या सोयीचा उचलतो. पहिल्या थंडीत, बर्फ पडायच्या आधी गेजची आतली नळी आणि वरचं नरसाळं काढून घरी न्या, नळीत पाणी गोठलं की ती उभी तडकते. नुसतं बाहेरचं भांडं राहू द्या, त्यात बर्फ पडतो, जाल तेव्हा वितळवून नळीत ओता आणि मोजा. माझ्या दोन नळ्या अशाच गेल्या, दोन्ही नोव्हेंबरमध्ये, कारण त्या आठवड्यात शिकारीचा सीझन उघडतो आणि गेजकडे कुणाचं लक्ष असतंय.